प्राणवायूवाचून प्राणी

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षातील राष्ट्रीय विज्ञान दिनी माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



विज्ञान दिनी मराठी शिकविणाऱ्या बाईने बोलावयास उभे राहावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. मलाही वाटले. परंतु आपल्या विज्ञानशिक्षकांनीच आग्रह धरला आणि त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. ती त्यांना ठाऊक आहे. आपणांसही ती सांगितली पाहिजे, कारण तिच्यातील चूक माझी आहे.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी आपल्या विज्ञानाच्या बाई दीर्घ रजेवर गेल्या आणि सातवीचा विज्ञानाचा तास माझ्याकडे आला. चेन्नईसारख्या शहरात मराठी माध्यमाला शिक्षक मिळणे आजही सोपे नाही. तेव्हा तर ज्याच्या हाती खडू त्याने तास घ्यावा अशीच रीत होती. मी पाठ्यपुस्तक आदल्या रात्री वाचून दुसऱ्या दिवशी शिकवीत असे. घटक चाचणीत ‘चूक की बरोबर ते लिहा’ या सदरात मी एक विधान घातले होते: ‘सर्व प्राण्यांना जगण्यासाठी प्राणवायू लागतो.’ सगळ्या वर्गाने ‘बरोबर’ लिहिले. एका मुलाने मात्र ‘चूक’ असे लिहून पुढे बारीक अक्षरात जोडले होते, ‘पोटातले जंत?’

मी त्यावर तांबडी रेघ ओढली. तो उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “बाई, आईने मला जंताचे औषध दिले तेव्हा जंत जिवंत पडला. पोटात हवा कुठून जाते?” मी त्याला म्हटले, “वाद घालू नकोस, जागेवर जाऊन बस.” तो जाऊन बसला. त्याचे वडील सौकारपेटमध्ये गलाईच्या दुकानात कामाला होते. पुढच्याच वर्षी ते कुटुंब दुसऱ्या शहरी गेले आणि मुलाचा दाखला गेला.

माझी अडचण विज्ञानाची नव्हती, भाषेची होती, असे आज वाटते. ऑक्सिजनला आपण मराठीत प्राणवायू म्हणतो. ‘प्राण’ या शब्दाच्या मुळाशी ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे हा धातू आहे. जो श्वास घेतो तो प्राणी. इंग्रजीतला ‘ॲनिमल’ शब्दही लॅटिनमधल्या श्वासवाचक शब्दावरूनच आला. म्हणजे प्राणवायूवाचून जगणारा प्राणी ही गोष्ट शब्दातच अशक्य ठरलेली! इतका सुंदर शब्द हाताशी असल्यावर पुरावा कोण मागतो? त्या मुलाने मागितला.

तेव्हापासून मी या विषयाचे जे मिळेल ते वाचीत आले. त्यातले थोडे आज सांगते.

प्रथम, प्राणवायू शरीरात नेमके करतो काय? विटा, खानापूर, आटपाडीकडून येऊन येथे गलाईचा व्यवसाय करणारे पालक समोर बसले आहेत. त्यांना हे चटकन उमजेल. भट्टीला वारा आहे तोवर निखारा पांढराशुभ्र जळतो आणि मुशीतले सोने वितळते. वारा बंद करा. कोळसा तितकाच असतो, पण तो धुमसतो, धूर होतो आणि उष्णता मिळत नाही. पेशीत साखरेचे तसेच होते. प्राणवायू असेल तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेची तीसच्या आसपास नाणी मिळतात. ‘एटीपी’ हे त्या नाण्याचे शास्त्रीय नाव. प्राणवायू नसेल तर अवघी २ मिळतात आणि धुराच्या जागी लॅक्टिक आम्ल साचत जाते. म्हणजे संकट दुहेरी आहे: मिळकत पंधराव्या हिश्श्यावर येते आणि घरात राखेचा ढीग वाढत जातो. प्राणवायूवाचून जगू पाहणाऱ्या प्रत्येक प्राण्याला या दोहोंचा बंदोबस्त करावा लागतो.

माणसाला तो करता येत नाही. आपला मेंदू शरीराच्या वजनाचा साधारण पन्नासावा भाग आहे. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. त्याचा रक्तपुरवठा थांबला तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. मेंदूजवळ शिल्लक म्हणून काही नसते. रोज कमवावे, रोज खावे असा त्याचा संसार.

आता आपल्या या तमिळ भूमीतील एक प्रसिद्ध मासा घेऊ. तमिळमध्ये त्याला ‘पनैयेरी केंडै’ म्हणतात, म्हणजे ताडावर चढणारा मासा. १७९१ साली तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतीतील डाल्डॉर्फ नावाच्या लेफ्टनंटला तो तळ्याकाठच्या ताडाच्या सालीच्या भेगेत, पाण्यापासून पाच फूट उंचीवर दिसला. १७९७ मध्ये ती हकीकत लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे गेली. त्या वेळी तरंगमबाडीभोवतीचा मुलूख तंजावरच्या भोसले राजांचा होता, म्हणून आपण मराठी माणसांनी या माशाशी थोडे नाते सांगायला हरकत नाही. तो खरोखर ताडावर चढतो का, याविषयी पुढील अभ्यासकांनी शंका घेतली. कावळ्याने किंवा घारीने उचलून नेलेला मासा तेथे अडकला असावा, असेही म्हटले गेले. जमिनीवरून सरपटत मात्र तो निश्चित जातो. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्यांघड्यांचे एक इंद्रिय असते आणि त्याने तो थेट हवेतून श्वास घेतो.

आपल्याकडचा मरळ, ज्याला येथील बाजारात विराल म्हणतात, तोही याच पंथातला. मद्रास सैन्यदलात शल्यविशारद असलेल्या फ्रान्सिस डे यांनी एकोणिसाव्या शतकात अशा माशांवर प्रयोग केले. पाण्याच्या पृष्ठभागाखाली जाळी बांधून त्यांना हवेपर्यंत येऊ दिले नाही, तर त्यांतले काही मासे चक्क गुदमरून मरत. पाण्यात बुडून मरणारा मासा! मुलांना ही गोष्ट फार आवडते. पण सूक्ष्मपणे पाहिले तर हे मासे प्राणवायूवाचून जगत नाहीत. पाण्यात तो नसला तर ते दुसऱ्या दुकानातून आणतात इतकेच.

कूवम नदी आपल्या शहरातून जाते आणि तिच्या पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो. शहरातील तिच्या पट्ट्यात विरघळलेला प्राणवायू अनेकदा शून्याच्या जवळ असतो, कारण सांडपाण्यातील घाण कुजविणारे जिवाणू तो आधीच संपवितात. मग ज्यांना प्राणवायू लागतच नाही असे जिवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. पहिला मोठा पाऊस झाला की तळाचा हा गाळ ढवळून खाडीकडे वाहतो आणि अड्यारच्या मुखाशी मेलेल्या माशांची छायाचित्रे वर्तमानपत्रात येतात. लोक म्हणतात, कोणीतरी विष टाकले. पुष्कळदा कोणी काही टाकलेले नसते. मासे गुदमरलेले असतात.

अशा गाळातही वस्ती असते. ट्युबिफेक्स नावाचे केसासारखे तांबडे किडे डोके गाळात खुपसून शेपटी पाण्यात हलवीत राहतात. त्यांचा रंग हिमोग्लोबिनचा आहे, आपल्या रक्तात असते त्याच जातीच्या द्रव्याचा. पाण्यात कणभर प्राणवायू असला तरी ते तो वेचून घेतात आणि तोही संपला तर काही काळ त्याविना तग धरतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १२ डिसेंबर २०१६ रोजी वर्धा चक्रीवादळ चेन्नईवर आले ते आपणांस आठवत असेल. वीज गेली, शाळा बंद राहिली आणि प्रयोगशाळेतील मत्स्यपेटीचा पंप थांबला. शाळा उघडली तेव्हा मुलांनी हौसेने कोळत्तूरच्या मासेबाजारातून आणलेले सोनमासे पालथे होऊन तरंगत होते. त्यांच्या खाद्यासाठी आणलेल्या तांबड्या किड्यांचा पुंजका मात्र तळाशी वळवळत होता. खाणारे गेले, खाद्य उरले. मुले रडली. एका मुलीने विचारले, “बाई, सोनमासा तर प्राणवायूशिवाय जगतो असे तुम्हीच सांगितले होते ना?”

होय, मीच सांगितले होते, आणि ते खरेही आहे; फक्त त्यातली अट मी सांगितली नव्हती. सोनमासा आणि त्याचा उत्तर युरोपातील भाऊबंद क्रुशियन कार्प ही थंडीची माणसे. हिवाळ्यात तेथील तळी वरून गोठतात, बर्फाखाली प्राणवायू संपतो आणि बाकीचे मासे मरतात. क्रुशियन कार्प त्या काळोखात महिनोन्‌महिने काढतो. उन्हाळ्यातच यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचे कोठार भरून ठेवतो. आणि राखेचे काय करतो, तर लॅक्टिक आम्लापासून मद्यार्क बनवितो आणि तो कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतो! आम्ल शरीरात साचतच नाही. सोनमाशातील ही किमया १९८० मध्ये उजेडात आली आणि २०१७ मध्ये ऑस्लो व लिव्हरपूल येथील संशोधकांनी तिच्यामागील जनुकांचा उलगडा केला. या माशांच्या रक्तातील मद्यार्क शंभर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर जातो. आपल्याकडे वाहनचालकाला ३० ची मर्यादा आहे, तेव्हा हा मासा आपल्या वाहतूक पोलिसांच्या तावडीतून सुटणार नाही. (येथे सभागृहात बराच हशा झाला, म्हणून पालकांना सांगितले पाहिजे की हे माशाचे कौतुक आहे, पेयाचे नव्हे.)

पण हे सारे गोठणबिंदूच्या आसपास जमते. थंडीत शरीराचा खर्चच उतरतो. चेन्नईच्या उबेत माशाचा खर्च कित्येक पटींनी वाढलेला आणि पाणीही कंजूष झालेले असते: शून्य अंशाला एका लिटर पाण्यात साडेचौदा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला जेमतेम साडेसात. आमच्या सोनमाशांपाशी विद्या होती, हवामान नव्हते.

उत्तर अमेरिकेतील रंगीत कासवाची तऱ्हा निराळी. तीन अंश तापमानाच्या पाण्यात, प्राणवायू मुळीच नसताना, ते शंभराहून अधिक दिवस राहू शकते. त्याला मद्यार्क बनविता येत नाही. म्हणून ते जवळजवळ सगळे व्यवहार बंद करते, हृदयाचे ठोकेही अगदी तुरळक होतात. तरी थोडे आम्ल साचतेच. मग कवचातील चुनखडीचे क्षार रक्तात उतरून ते आम्ल मारतात आणि काही आम्ल कवचातच साठविले जाते. पाठीवरचे घर संकटात औषधाच्या कपाटासारखे उपयोगी पडते. उबदार पाण्यात मात्र हेच कासव एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाही.

सस्तन प्राण्यांत हे कोणाला जमते? पूर्व आफ्रिकेत जमिनीखाली बिळांच्या जाळ्यात शेकडोंनी राहणारा ‘नेकेड मोल रॅट’ नावाचा केसविरहित उंदरासारखा प्राणी आहे. दिसायला अगदी कुरूप. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याला प्राणवायू शून्य असलेल्या हवेत ठेवले. साध्या उंदराचा श्वास मिनिटभरात थांबला. हा प्राणी अठरा मिनिटांनंतरही बाहेर काढल्यावर सावरला. ग्लुकोज वापरण्याच्या वाटेवर एक नाका असतो आणि प्राणवायू नसला की तो बंद पडतो. हा प्राणी अशा वेळी फळांत असते ती साखर, म्हणजे फ्रुक्टोज, वापरतो आणि त्या नाक्याला वळसा घालून मागल्या दाराने आत शिरतो. त्याचे बीळ कोंदट असते, म्हणून त्याच्या शरीरात ही सोय आहे.

माणसाच्या शरीरात ती नाही, आणि तरी माणूस बिळात उतरविला जातो. पालकहो, येथे मी थोडी थांबणार आहे. आपल्यापैकी कित्येकजण सदनिकांच्या संघटनांचे पदाधिकारी असाल. सेप्टिक टाकी तुंबते, कोणीतरी दोन माणसे बोलावतो, झाकण उघडले जाते. आत प्राणवायू जिवाणूंनी संपविलेला असतो. अशा हवेचा श्वास घेतला तर फुप्फुसातून प्राणवायू आत येण्याऐवजी रक्तातला प्राणवायूच बाहेर निघून जातो आणि चार-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर ते पेशीतील शेवटचा दरवाजाच बंद करते. रक्तात प्राणवायू असूनही पेशीला तो वापरता येत नाही. ‘वास गेला, आता ठीक आहे’ असे म्हणणाऱ्याने हे ऐकून ठेवावे: हा वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. झाकण तासभर उघडे ठेवल्याने आतली हवा सुरक्षित होत नाही. आणि पहिला पडला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपल्या राज्यातून किती वेळा आल्या आहेत, हे आपण सारे जाणतो.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरविण्यास बंदी केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. उतरविणारा कंत्राटदार असो की तुमची-आमची संघटना, बोलावणे आपलेच असते. शोषण-यंत्राची गाडी मागवावी, तिला वेळ लागत असेल तर वाट पाहावी, चार दिवस गैरसोय सोसावी. आणि कोणी आत पडलाच, तर आपण उडी न घेता अग्निशमन दलाला बोलवावे. सातवी-आठवीच्या प्रत्येक मुलाला हे आता आपल्या शाळेत शिकविले जाते. उत्तरपत्रिकेत मी त्याला गुण देत नाही. ते यायलाच हवे.

आता पुन्हा त्या तांबड्या रेघेकडे येते.

पोटातील जंत, म्हणजे ॲस्कॅरिस, हा आतड्यात राहतो आणि तेथे प्राणवायू अत्यल्प असतो. गुस्ताव फोन बुंगे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकातच मांजराच्या पोटातील जंत प्राणवायूविरहित द्रवात कित्येक दिवस जिवंत ठेवून दाखविले होते. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी रेघ ओढली तेव्हा शंभर वर्षांहून जुने होते! प्रौढ जंताच्या पेशींतील यंत्रणा आपल्यासारखीच आहे, पण तिचा एक भाग तो उलटा चालवितो. प्राणवायूकडे जे काम असते ते दुसऱ्या एका द्रव्याकडून करून घेतो. त्याला मिळकत कमी होते, पण तक्रार नाही, कारण यजमानाच्या ताटातली साखर फुकट मिळते. त्या मिळकतीवर मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. दरवर्षी १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी आपण मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतो. ती जंताला साखर शोषू देत नाही, आणि साखरेवरच सारी भिस्त असलेला हा पाहुणा उपाशी मरतो. ‘माझ्या मुलाला जंत नाहीत, गोळी नको’ अशी चिठ्ठी पाठविणाऱ्या पालकांनी कृपया एकदा भेटावे.

मग मुलाला पूर्ण गुण द्यावा का? येथे मात्र शिक्षिकेचा कडकपणा जागा होतो. जंताचे अंडे जमिनीत पडते तेव्हा त्याला वाढण्यासाठी प्राणवायू लागतो आणि त्याची अळी माणसाच्या फुप्फुसातून प्रवास करते. म्हणजे बालपणी तोही आपल्यासारखाच. आयुष्यभर प्राणवायूवाचून जगणारा प्राणी हवा असेल, तर पुढे यावे लागते. २०१० मध्ये भूमध्य समुद्राच्या तळाशी, तीन हजार मीटरहून खोल, अतिखारट आणि प्राणवायूहीन गाळात मिलिमीटरहून लहान असे प्राणी सापडल्याचे इटालियन संशोधकांनी प्रसिद्ध केले; ते तेथे खरोखर जिवंत होते की वरून पडलेले मृतदेह होते, यावर पुढे वाद झाला. २०२० च्या फेब्रुवारीत तेल अवीवच्या संशोधकांनी सॅमन माशाच्या स्नायूत राहणाऱ्या, दहाहून कमी पेशींच्या एका परजीवी प्राण्याविषयी लिहिले. ज्या तंतुकणिकांत प्राणवायूचा उपयोग होतो, त्यांचा जनुकसंचच त्या प्राण्यात उरलेला नाही. श्वासाची भट्टी त्याने मोडून टाकली आहे. तो वृत्तान्त मी वाचला त्या संध्याकाळी मला त्या मुलाची फार आठवण झाली.

विधान ‘सर्व प्राण्यांना’ असे होते. एक अपवाद पुरेसा आहे. तेव्हा त्याचे ‘चूक’ हे उत्तर बरोबर होते आणि त्याचा एक गुण मी देणे लागते. कंसातील जंताचे उदाहरण अर्धेच लागू पडते, पण त्याला मी वेगळा गुण ठेवलाच नव्हता. त्या वर्षीचे गुणपत्रक कार्यालयातील लोखंडी कपाटात अजून आहे; मागच्या महिन्यात हीरक महोत्सवासाठी जुने दप्तर काढले तेव्हा मी ते पाहिले. विज्ञान, पंचवीसपैकी एकोणीस. त्यापुढे मी पेन्सिलीने वीस लिहून स्वाक्षरी व तारीख घातली आहे. तो आज येथे आला असेल, किंवा हे पुस्तक त्याच्या हाती पडेल, तर त्याने कार्यालयात येऊन ते पाहावे. आणि त्या दिवशी जागेवर जाऊन बसायला सांगितले होते, ते उभे राहून पुन्हा विचारावे.